‘कधीही न उघडलेला’ अ‍ॅम्प्लिफायर

प्रश्न : सांगलीत राहणारे एक वाचक, वय ६३, बँकेतून निवृत्त. १९८१ साली कॉलेजात असताना ते सुट्टीत दादरला मामांकडे राहिले होते. मामा बोटीवर नोकरीला होते आणि त्यांनी सान्सुई कंपनीचा एयू-७१७ हा अ‍ॅम्प्लिफायर घरी आणला होता. ‘तसा आवाज मी पुन्हा कुठे ऐकला नाही,’ असे ते लिहितात. आता तेच मॉडेल पुण्यात एका गृहस्थांकडे विकाऊ आहे. तो अमेरिकेतून २००९ मध्ये आणलेला असून गेली दहा वर्षे माळ्यावर होता. ‘चालू स्थितीत आहे, कधीही उघडलेला नाही, आतले सगळे ओरिजिनल आहे,’ असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. किंमत ५५ हजार रुपये, सोबत स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर (आपली वीज अमेरिकी यंत्रासाठी कमी व्होल्टची करणारा) फुकट. वाचकांनी मागच्याच महिन्यात ४० हजारांचे नवे बुकशेल्फ स्पीकर घेतले आहेत. ‘एवढ्या पैशांत नवा येईल,’ असे मुलगा म्हणतो. पत्नीने एवढेच विचारले, की बिघडला तर दुरुस्त कोण करणार. वाचकांच्या मते जुन्या जपानी वस्तू आजच्यापेक्षा दणकट असतात, पुढे त्यांची किंमत वाढतेच, आणि येत्या रविवारी गेलो नाही तर दुसरे कोणी तो उचलेल. काय करावे?

उत्तर :

तुमचे पत्र दोनदा वाचले. तुम्ही विचारलेल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा मला तुमच्या पत्नीचा प्रश्न मोलाचा वाटला. ‘तिला यातले फारसे कळत नाही,’ असे लिहून तुम्ही तो बाजूला ठेवला आहे. पण जुना अ‍ॅम्प्लिफायर घेणाऱ्याने ज्या प्रश्नापासून सुरुवात करायला हवी, नेमका तोच त्यांनी विचारला आहे. त्याच्याकडे मी पुन्हा येईन. त्याआधी तुमच्या पत्रात गृहीत धरलेल्या काही गोष्टी तपासून पाहू.

पहिली गोष्ट त्या आवाजाची. एयू-७१७ हे मॉडेल १९७७ च्या सुमारास बाजारात आले. ८ ओहमच्या स्पीकरला प्रत्येक चॅनेलमधून ८५ वॅट देणारा तो अ‍ॅम्प्लिफायर त्या काळी उत्तम मानला जात होता आणि आजही मानला जातो, यात वाद नाही. पण तुम्ही दादरला जे ऐकलेत तो फार तर चार वर्षांच्या यंत्राचा आवाज होता. पुण्यातले यंत्र आता पन्नाशीला टेकले आहे. मॉडेल तेच, पुढचा काळा चेहरा तोच, नॉबही तेच. मात्र आतल्या शेकडो सुट्या भागांपैकी काहींचे गुणधर्म इतके बदललेले असणार की त्यातून आज मामांच्या घरचा आवाज येईल असे धरून चालणे धाडसाचे आहे. तो आवाज परत मिळू शकतो. त्यासाठी यंत्र उघडावे लागते, आणि विक्रेता तर ते कधीही न उघडल्याचे अभिमानाने सांगतो आहे.

‘कधीही न उघडलेला’ हे शब्द जुन्या वस्तूंच्या बाजारात प्रशस्तिपत्रासारखे वापरले जातात. त्यामागे थोडे तथ्य आहे, कारण अर्धवट शिकलेल्या हातांनी उघडलेला अ‍ॅम्प्लिफायर न उघडलेल्यापेक्षा वाईट असू शकतो. परंतु कोणी तुमच्याकडे १९७७ सालची बजाज स्कूटर घेऊन आले आणि ‘ही आजवर एकदाही गॅरेजमध्ये गेलेली नाही’ म्हणून जास्त पैसे मागू लागले, तर तुम्ही काय म्हणाल? इथेही तेच म्हणा. न उघडलेल्या यंत्राचा अर्थ एवढाच, की त्याचे सगळे काम अजून व्हायचे आहे आणि त्याचा खर्च तुमच्या वाट्याला येणार आहे.

हे काम मुख्यतः कोणाचे, तर इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरचे. आपले जुने मिस्त्री ज्याला कंडेन्सर म्हणतात त्याचे. ॲल्युमिनियमच्या छोट्या डबीत ओलसर रसायनात भिजवलेला कागद आणि धातूच्या पट्ट्या गुंडाळलेल्या असतात, आणि डबीचे तोंड रबराच्या बुचाने बंद केलेले असते. वर्षे सरतात तसे ते रसायन सुकत जाते, बूच कडक होते, कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. त्या काळच्या साध्या कॅपॅसिटरचे आयुष्य बहुधा ८५ अंश सेल्सियसला २,००० तास असे सांगितलेले असे, आणि तापमान दर १० अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते असा ठोकताळा आहे. या हिशेबाने डब्यातल्या थंड कोपऱ्यात, ४५ अंशांवर राहणारा कॅपॅसिटर ३२ हजार तास टिकेल, म्हणजे रोज दोन तास गाणी ऐकली तर सुमारे ४४ वर्षे. हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पंखांना) चिकटून ६५ अंशांवर भाजणारा त्याचा भाऊ मात्र ८ हजार तासांत, म्हणजे अकरा वर्षांत थकेल. सांगायचा मुद्दा असा, की या यंत्रातले भाग एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत. काही अजून धडधाकट असतील, काही केव्हाच संपलेले असतील, आणि गाणे तरीही वाजत असेल. ‘चालू स्थितीत’ या शब्दांचा अर्थ मी एवढाच घेतो, की स्विच दाबल्यावर दिवा लागतो आणि दोन्ही बाजूंनी आवाज येतो.

आणि माळा. दहा वर्षे वापर नव्हता म्हणजे झीज झाली नाही, असे तुम्हाला वाटले असावे. तुमच्या पत्रातला सूर तसा आहे. कॅपॅसिटरच्या बाबतीत हे जवळजवळ उलटे आहे. त्याच्या आतल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक अतिपातळ थर असतो आणि वीज अडवण्याचे काम तोच करतो. हा थर नियमित वापरामुळे टिकून राहतो. वर्षानुवर्षे वीज मिळाली नाही की तो विरळ होतो. मग एके दिवशी कोणी हौसेने पूर्ण व्होल्टेजवर स्विच दाबला, तर विरळ थरातून नको इतका प्रवाह गळतो, कॅपॅसिटर आतून तापतो, फुगतो आणि कधीकधी वाफ सोडतो. शिवाय पुण्याच्या पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मे महिन्यांत काय तापमान असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. माळ्यावरून काढलेला अ‍ॅम्प्लिफायर म्हणूनच थेट भिंतीतल्या सॉकेटला लावायचा नसतो. जाणता मिस्त्री त्याला आधी सिरीज बोर्डावर घेतो, म्हणजे वाटेत १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब जोडतो. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि यंत्र वाचते. सगळे ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. काही जण डिमरस्टॅटवर व्होल्टेज हळूहळू चढवतात, तेही चांगले. विक्रेत्याने माळ्यावरून उतरवून तो सरळ लावला असेल आणि तो चालला असेल, तर ते त्याचे नशीब.

कॅपॅसिटर सुकणे हे निदान सर्वांना ठाऊक असलेले दुखणे आहे. कमी ठाऊक असलेले दुखणे सांगतो. त्या काळच्या अनेक जपानी कंपन्या मोठे कॅपॅसिटर सर्किट बोर्डावर हलू नयेत म्हणून त्यांच्या बुडाशी एक पिवळट डिंक लावत. नवा असताना तो निरुपद्रवी असतो. उष्णतेने आणि वयाने तो आधी मधासारखा, मग गुळाच्या काकवीसारखा तपकिरी होतो, आणि या अवस्थेत दोन वाईट गोष्टी करतो : थोडीथोडी वीज वाहू देतो आणि धातू खातो. मी असा एक बोर्ड उघडला होता. वरून पाहिल्यास धुळीखेरीज काही दिसत नव्हते. एक कॅपॅसिटर बोटाने जरा कलता केला, तर शेजारच्या डायोडचा पाय हिरवा पडून मधोमध केसाइतका बारीक झालेला होता आणि रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे डिंकाखाली विरघळून गेले होते. तो अ‍ॅम्प्लिफायर आदल्या संध्याकाळपर्यंत वाजत होता. हे बाहेरून कळत नाही, ऐकूनही कळत नाही. झाकण काढून, टॉर्च लावून, पाहणाऱ्यालाच ते दिसते. ‘कधीही न उघडलेला’ या शब्दांची मला वाटणारी धास्ती मुख्यतः या डिंकाची आहे.

यातून नुकसान कोणाचे होते? अ‍ॅम्प्लिफायरचे तर होतेच, पण पहिला बळी बहुधा स्पीकरचा जातो, आणि ४० हजारांचे नवे स्पीकर तुमच्याकडे आहेत. ८५ वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आत चाळीसहून अधिक व्होल्टच्या दोन डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) वाहिन्या असतात, एक धन आणि एक ऋण. आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आणि त्याच वेळी प्रोटेक्शन रिलेने, म्हणजे बिघाड होताच स्पीकरची जोडणी आपोआप तोडणाऱ्या स्विचने, दगा दिला, तर ते चाळीस व्होल्ट सरळ स्पीकरच्या कॉइलवर येतात. ८ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा डीसी रोध साधारण ६ ओहम असतो. गणित केलेत तर कॉइलमध्ये अडीचशे वॅटहून अधिक नुसती उष्णता होते. कॉइल जळायला काही सेकंद पुरतात. तरुणपणी मी एका जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर रात्री दहा वाजता मित्राच्या स्पीकरला लावला होता. ‘भप्’ असा आवाज आला, डाव्या वूफरचा कागद पुढे येऊन तसाच थांबला, आणि जळलेल्या वॉर्निशचा वास सुटला. अ‍ॅम्प्लिफायरचे वाचवलेले पैसे आणि वर आणखी तितकेच, त्या वूफरला लागले. मित्राने पुढे बरीच वर्षे मला त्याच्या टेपरेकॉर्डरलाही हात लावू दिला नाही.

ट्रान्झिस्टर गेलाच तर दुसरा घालू, असे म्हणणे सोपे आहे. १९७७ चे मूळ ट्रान्झिस्टर आता बनत नाहीत. त्यांच्या जागी चालणारे नवे मिळतात, पण बाजारात नकली मालाचा सुळसुळाट आहे. तोशिबाची २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही जोडी बदली म्हणून सर्रास वापरली जाते आणि म्हणूनच तिच्या नकलाही भरपूर होतात. वर छापलेले अक्षर अन् अक्षर बरोबर, आतली चिप मात्र अर्ध्या आकाराची. कमी आवाजात ती निमूटपणे चालते आणि पहिल्या मोठ्या मैफलीला जळते. लॅमिंग्टन रोड असो वा पुण्याची तपकीर गल्ली, ओळखीच्या दुकानातून, बिल मागून आणि भाव फारच कमी वाटला तर न घेता परत येण्याची तयारी ठेवून हे भाग आणावे लागतात. मूळ कंपनीकडे जाण्याचा मार्ग उरलेला नाही. १९४७ मध्ये टोकियोत ट्रान्सफॉर्मर बनवण्यापासून सुरुवात केलेली सान्सुई २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्याकडे त्या नावाने जे टीव्ही विकले गेले, ते व्हिडिओकॉनने परवान्यावर वापरलेले नाव होते. त्यांच्या सेवा केंद्रांचा या अ‍ॅम्प्लिफायरशी काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगितले, कारण असा फोन करून निराश झालेले वाचक मला माहीत आहेत.

आता त्या ‘फुकट’ ट्रान्सफॉर्मरविषयी. अमेरिकेतून आलेला म्हणजे बहुधा १२० व्होल्टचा. मागच्या पत्र्यावरची पट्टी वाचा आणि तिचा फोटो काढा. काही मॉडेलांना मागे व्होल्टेज बदलण्याची सोय असते, ती असेल तर फारच उत्तम. मिस्त्रीने ती २४० वर घ्यावी आणि सोबत फ्यूजही बदलावा, कारण व्होल्टेज दुप्पट झाले की फ्यूज निम्म्या अँपिअरचा लागतो. नसेल, आणि पट्टीवर ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढेच लिहिले असेल, तर आणखी एक बारीक गोष्ट आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. ६० हर्ट्झसाठी बेतलेल्या ट्रान्सफॉर्मरला ५० वर चालवले की त्याच्या लोखंडी गाभ्यावर ताण वाढतो, तो जास्त तापतो आणि गुणगुणतो. १२० ला ६० ने भागले तर २ येतात. ५० हर्ट्झवर तेच प्रमाण राखायचे तर व्होल्टेज १०० हवे. आपल्याकडचे स्टेपडाऊन साधारण ११० देतात, आणि भिंतीत २४५ असतील त्या रात्री त्याहूनही जास्त. म्हणजे ताण दहा टक्क्यांहून अधिक. जपानी ट्रान्सफॉर्मर बहुधा एवढे सोसतात, पण पन्नास वर्षांच्या ट्रान्सफॉर्मरकडून किती अपेक्षा करायची हा तुमचा प्रश्न. शिवाय स्वस्त स्टेपडाऊनवर लिहिलेली क्षमता आणि खरी क्षमता यांत अंतर असते. अ‍ॅम्प्लिफायरच्या पट्टीवर जितका वीजवापर लिहिला आहे त्याच्या किमान दीडपट खऱ्या क्षमतेचा, चांगल्या बनावटीचा ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागेल, असे धरूनच हिशेब करा. सर्वांत मोठा धोका मात्र तांत्रिक नाही. घरात पाहुणे आले, कोणीतरी झाडताना पिन काढली आणि नंतर ती सरळ भिंतीत खोवली, की खेळ संपला. अशा यंत्राची पिन स्टेपडाऊनला कायमची जोडून टाकावी आणि वर ठळक चिठ्ठी लावावी.

एवढे वाचून तुम्हाला वाटेल की मी तुम्हाला परावृत्त करतो आहे आणि तुमच्या मुलाची बाजू घेतो आहे. तसे नाही. मुलाचे ‘एवढ्या पैशांत नवा येईल’ हे म्हणणेही तपासायला हवे. १९७० च्या दशकातल्या या यंत्रांचा एक गुण मला फार महत्त्वाचा वाटतो : ती दुरुस्त करता येतात. सुटे ट्रान्झिस्टर, सुटे रेझिस्टर, हाताने सोल्डर करता येतील असे पाय, आणि प्रत्येक टप्प्यावर किती व्होल्ट हवेत हे छापलेले सर्व्हिस मॅन्युअल. याउलट पंधरा वर्षांपूर्वीचा एखादा होम थिएटरचा रिसीव्हर घ्या. त्यातला एचडीएमआयचा बोर्ड गेला, की वीस किलोचे ते धूड बहुतेक वेळा भंगारात जाते, कारण तो बोर्ड मिळत नाही आणि त्यावरची नखाएवढी चिप बदलणारा माणूसही सहज मिळत नाही. त्यामुळे ‘जुने’ म्हणजे जोखीम आणि ‘त्यामानाने नवे’ म्हणजे निर्धोक, अशी सरळ वाटणी करू नका. पंधरा-वीस वर्षांच्या वस्तूंपेक्षा पन्नास वर्षांची वस्तू कधीकधी अधिक भरवशाची ठरते, पण ती नीट दुरुस्त झालेली असेल तरच.

किंमत वाढण्याविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते मात्र मनातून काढून टाका. नावाजलेल्या मॉडेलांचे भाव चढले आहेत हे खरे. पण चढलेला भाव मिळतो तो चांगल्या स्थितीतल्या, दुरुस्तीची बिले असलेल्या, दोन्ही चॅनेल मोजून दाखवता येणाऱ्या वस्तूला. शिवाय सांगलीत बसून अठरा किलोचे यंत्र योग्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवणे हाही एक उद्योग आहे. निवृत्तीच्या पैशांतून ही खरेदी करायची तर ती ऐकण्यासाठी करा आणि तो पैसा खर्च झाला असे समजा.

मग पर्याय कोणते उरतात? ५५ हजार देऊन आहे तसा आणणे आणि लगेच स्पीकर जोडणे, हा पर्याय मी तुम्हाला देत नाही. याच मॉडेलचा किंवा याच दर्जाचा, कोणा जाणकाराने पूर्ण दुरुस्त केलेला अ‍ॅम्प्लिफायर थोडे जास्त पैसे देऊन घेणे हा तुमच्यासारख्या, स्वतः सोल्डरिंग न करणाऱ्या माणसासाठी सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. तेथे ‘रिकॅप केला आहे’ (म्हणजे जुने कॅपॅसिटर बदलले आहेत) एवढ्या शब्दांवर जाऊ नका. कोणते भाग बदलले, कोणत्या कंपनीचे घातले, बायस (गाणे नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहता ठेवलेला प्रवाह) आणि ऑफसेट (स्पीकरच्या टर्मिनलांवर उरणारे नको असलेले डीसी व्होल्टेज) किती ठेवला, हे सांगता आले पाहिजे आणि काढलेले जुने भाग पिशवीत घालून दाखवता आले पाहिजेत. जो मिस्त्री काढलेले भाग परत देतो, त्याच्यावर मी निम्मा विश्वास तिथेच टाकतो. तिसरा मार्ग म्हणजे पुण्यातलाच घ्यायचा, पण दुरुस्त न झालेल्या यंत्राच्या किमतीला. यासाठी आधी दुरुस्तीचा अंदाज हाती हवा, आणि तो अंदाज देणारा माणूस हवा. इथे आपण तुमच्या पत्नीच्या प्रश्नावर परत आलो.

तो माणूस आधी शोधा. सांगली-मिरज-कोल्हापुरात रेडिओ, टेप, लाउडस्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करत आयुष्य काढलेले कारागीर अजून आहेत. गणपती मंडळांना ध्वनियंत्रणा पुरवणाऱ्यांकडे चौकशी केलीत तर त्यांचा पत्ता लागेल. त्यांना भेटा, मॉडेल सांगा, सर्व्हिस मॅन्युअल छापून घेऊन जा. ‘अशा डीसी अ‍ॅम्प्लिफायरचा ऑफसेट आणि बायस तुम्ही लावता का, आणि कशावर मोजता?’ असे विचारा. ज्याला हा प्रश्न कळतो तो उत्तर देताना खुलतो. जो ‘आणा हो, बघू, होऊन जाईल’ म्हणतो, त्याच्याकडे तुमचा मिक्सर न्या. असा माणूस पन्नास-साठ किलोमीटरच्या परिघात सापडला नाही, तर माझ्या मते हा व्यवहार इथेच सोडून द्यावा आणि मुलाचे ऐकून वॉरंटी असलेला साधा नवा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. तुमचे स्पीकर चांगले आहेत. त्यावरही ते उत्तम वाजतील.

माणूस सापडला, तर रविवारी पुण्याला अवश्य जा. शक्य झाले तर त्यालाच त्याची दिवसाची मजुरी देऊन सोबत न्या. विक्रेत्याला आधी कळवा की यंत्र तुम्ही पोहोचेपर्यंत सुरू करू नये. गरम असलेला अ‍ॅम्प्लिफायर आपले बरेच दोष लपवतो. सुरू करण्यापूर्वी मागचा फ्यूज काढून पाहा. त्याच्या जागी तार गुंडाळलेली किंवा छापलेल्या आकड्यापेक्षा मोठा फ्यूज दिसला, तर ‘कधीही न उघडलेला’ ही कथा तिथेच संपते. पिनेची वायर वाकवून पाहा. वरचे रबर भेगाळले असेल तर ती बदलायची आहे. सोबत आणलेल्या सिरीज बोर्डावरच सुरू करा. बल्ब मंदावला, की सिरीज बोर्ड बाजूला करून स्टेपडाऊनवर पूर्ण वीज द्या. काही सेकंदांनी रिलेचा ‘टक्’ असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर आत काहीतरी बिघडल्याचे रिलेला कळले आहे. आणि स्विच दाबताक्षणी आवाज सुरू झाला, तर कोणीतरी रिले बायपास केला असण्याची शक्यता आहे, जे अधिक वाईट.

त्यानंतर दहा मिनिटे थांबा. स्पीकर अजून जोडायचे नाहीत. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर घेऊन, स्पीकरच्या दोन टर्मिनलांमध्ये मोजा. मग दुसऱ्या चॅनेलचे मोजा. वीस मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान, पन्नासपर्यंत चालेल, शंभरच्या पुढे असेल किंवा आकडा सतत भटकत असेल तर आपले स्पीकर पिशवीतून काढूच नका. साधारणपणे प्रोटेक्शन सर्किट एखाद-दोन व्होल्टच्या आसपास जागे होते, त्यामुळे त्याखालची राखण आपल्यालाच करायची असते. आकडे ठीक असतील तर एखादा स्वस्तातला जुना स्पीकर जोडा (तो सोबत न्या, नवे नव्हेत) आणि वूफरला कान लावा. आवाज शून्यावर असतानाही भुंग्यासारखी सलग घूं ऐकू आली, तर वीजपुरवठ्याच्या मोठ्या कॅपॅसिटरचा संशय घ्या. मग गाणे अगदी हळू लावा. हळू आवाजात एक बाजू गायब होते आणि नॉब वाढवल्यावर अचानक परत येते, असे झाले तर रिलेचे किंवा एखाद्या स्विचचे संपर्क काळे पडले आहेत. हे किरकोळ काम आहे, पण भाव कमी करायला उपयोगी. नॉब फिरवताना येणारी खरखर तर त्याहून किरकोळ. तिला घाबरू नका, फक्त ती घालवायला कोणी गंज काढण्याचा साधा स्प्रे मारू लागला तर त्याचा हात धरा. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक संपर्कांसाठीचे वेगळे क्लीनर मिळते. अर्ध्या तासाने दोन्ही हीटसिंकांना वरून हात लावा. दोन्ही सारखेच कोमट हवेत. एक गार आणि एक चटका देणारा असेल, तर एका चॅनेलचा बायस सरकलेला आहे, आणि तो सरकत राहिला तर शेवटी ट्रान्झिस्टर घेऊन जातो.

आणि मग झाकण काढण्याची परवानगी मागा. पिन काढून, काही वेळ थांबून, तुमच्या माणसाने ते काढावे. मोठ्या कॅपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही वीज साठून असते, म्हणून तुम्ही स्वतः आत बोट घालू नका. तपकिरी डिंक, फुगलेले कॅपॅसिटर, दोन चॅनेलमधले वेगवेगळे ट्रान्झिस्टर, एकाच ठिकाणचे चकचकीत ताजे सोल्डरिंग, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. विक्रेता ‘उघडायचा नाही’ म्हणाला, तर नमस्कार करून परत या. दुसरे कोणी उचलेल ही भीती तुम्ही लिहिली आहे. उचलू द्या, त्या मॉडेलचे बरेच नग जगात आहेत.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी दोन शब्द. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्प्लिफायरना वरचे सगळे लागू आहेच, शिवाय त्यांच्यात तीन-चारशे व्होल्ट असतात आणि ते स्पीकर न जोडता चालवायचे नसतात; मेणकागदाचे कपलिंग कॅपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात आवाज नेणारे) गळू लागले की आउटपुट व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लालभडक होतो, तो दिसला तर तत्क्षणी बंद करावे. कोकणातून किंवा गोव्यातून वस्तू येत असेल तर स्क्रूंची डोकी आणि ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या गंजासाठी आधी पाहाव्यात. आणि ज्यांना परदेशी नावाचा आग्रह नाही, त्यांनी कोलकात्याच्या सोनोडाइनसारख्या भारतीय कंपन्यांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा विचार जरूर करावा. ते मुळातच आपल्या २३० व्होल्टसाठी बनलेले असतात, आणि स्टेपडाऊनची कटकट राहत नाही.

व्यवहार ठरलाच, तर तुमच्या माणसाने सांगितलेला दुरुस्तीचा अंदाज, त्यावर वेगळ्या ट्रान्सफॉर्मरची किंमत, आणि वर थोडी गंगाजळी एवढे ५५ हजारांतून वजा करून बोलणी सुरू करा. कुरिअरने मागवू नका. ट्रान्सफॉर्मरच्या वजनाने पत्रा वाकतो. मागच्या सीटवर, उभा नव्हे तर सपाट ठेवून, घोंगडी गुंडाळून आणा, आणि घरी न नेता सरळ मिस्त्रीकडे उतरवा. एक शेवटचे : रविवारी निघण्यापूर्वी मल्टिमीटरची बॅटरी बदला. ती उतरली असेल तर आकडे भलतेच दिसतात, आणि मग तुम्ही एक चांगला अ‍ॅम्प्लिफायर नाकारून याल.